खटला अमेरिकेत, बाकडं गोंदियात

शेअरचं दुकान म्हटलं की नवखा माणूस आधी कपाटं शोधतो. माझ्याकडे कपाटं नाहीत. दोन संगणक, एक कुरकुरणारा पंखा, गणपतीचा फोटो आणि भिंतीला लागून एक लांब सागवानी बाकडं, एवढीच माझी इस्टेट. धंदा नवा होता तेव्हा आमगावकडचा एक गृहस्थ लग्नाच्या खरेदीसाठी बाजारात आला होता. पाटी वाचून तो आत शिरला आणि म्हणाला, "एक चांगला शेअर दाखवा." मी त्याला पडद्यावरचे आकडे दाखवले. बराच वेळ निरखून पाहून तो म्हणाला, "हे तर दिसून राह्यलं, पन माल कुठी हाय?" मी त्याला चहा पाजला, समजावलं, आणि तो साड्या घ्यायला निघून गेला. पुन्हा कधी आला नाही. त्याचा प्रश्न मात्र मी ठेवून घेतला.

मी उपदलाल. मोठ्या शहरातल्या एका दलाल कंपनीचा गोंदियातला माणूस म्हणा. मी स्वतः काही विकत नाही आणि काही घेतही नाही. घेणारा कुठेतरी असतो, विकणारा कुठेतरी असतो, मी मध्ये बसून दोघांची गाठ घालून देतो आणि त्यातलं चिमूटभर माझं. या धंद्यात ऑर्डर गिऱ्हाइकाच्या स्वतःच्या तोंडून यावी लागते. "भाऊ, तुम्हीच बघून घ्या ना" असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. तिथे जो दलाल पाघळला, तो पुढेमागे गोत्यात आला समजा. मी पाघळलो नाही, म्हणून आज पिकल्या केसांनी ताठ बसून हे लिहितो आहे.

त्यावर मी माझा स्वतःचा एक नियम लावला. बाकड्यावर बसायचं, काय घ्यायचं-विकायचं ते सांगायचं, आणि मी विचारणार, "काऊन?" पुण्यामुंबईच्या वाचकांसाठी सांगतो, काऊन म्हणजे का. या प्रश्नाला सरळ उत्तर आलं तर पुढे. साळा (म्हणजे मेहुणा) म्हणाला, टीव्हीवर आलं, स्वप्न पडलं, ही उत्तरं माझ्याकडे चालत नाहीत. उत्तर कंपनीबद्दल हवं. ती काय करते, पैसा कुठून आणते, उद्या आणेल का. यामुळे मी गिऱ्हाइकं घालवली आणि नावही कमावलं. गावात मला माझ्या नावानं कोणी विचारत नाही. काऊनभाऊचं दुकान कुठे म्हटलं की रिक्षावाला आणून सोडतो.

अलीकडे पोरं फोनवरच शेअर घेतात. फोन कोणाला काऊन विचारत नाही. हुशार, शिकलेली पोरं एका दुपारी सहा महिन्यांची कमाई घालवून बसलेली मी पाहिली आहेत, आणि त्यांचे बाप माझ्याकडे येऊन "आता काय करायचं" विचारतात तेव्हा मला काही सांगता येत नाही. याचं वाईट वाटतं. असो.

आता अमेरिकेकडे वळतो.

गोंदियाचा माणूस अमेरिकेतल्या कंपनीचे शेअर घेईल, असं मला कोणी पूर्वी सांगितलं असतं तर मी हसलो असतो. पण मुलं हैदराबादला, पुण्याला गेली, त्यांनी घरी सांगितलं, आणि सोय झाली. बँकेतून पैसे डॉलर होऊन तिकडे जातात, तिकडचं खातं आपल्या फोनवर दिसतं, आणि संध्याकाळी आपल्याकडे दिवे लागले की तिकडचा बाजार उघडतो. बटण गिऱ्हाइकानंच दाबायचं. मी शेजारी बसून फक्त माझा प्रश्न विचारतो. माझ्या बऱ्याच लोकांनी जी कंपनी घेतली तिचं नाव मी इथं घेत नाही, घ्यायची गरजही नाही. काही अडलं की तुम्ही फोनवरच्या ज्या चौकटीत लिहून विचारता, ती चौकट तिची. माल कुठे आहे, हे तिच्या बाबतीत कोणाला विचारावं लागलं नाही. तो सगळ्यांच्या खिशात होता.

मग त्या कंपनीवर तिथल्या सरकारनं मक्तेदारीचा खटला भरला आणि माझं बाकडं भरू लागलं.

खटला काय होता ते आमच्या बसस्टँडच्या भाषेत सांगतो. समजा, एका चहावाल्यानं स्टँडवरच्या प्रत्येक टपरीला दरमहा पैसे बांधून दिले. अट एकच, गिऱ्हाइकानं नुसतं "चहा" म्हटलं की याचाच चहा पुढे करायचा. नाव घेऊन दुसरा मागितला तर द्या, पण नाव घेतो कोण? चहा चांगलाच असेल, पण दुसऱ्याचा चांगला आहे की नाही हे कोणाला कधी कळणारच नाही. फोन बनवणाऱ्यांशी या कंपनीनं असंच केलं, असं सरकारचं म्हणणं. कोर्टानं आधी ठरवायचं, दोषी आहे की नाही. मग पुढच्या फेरीत ठरवायचं, शिक्षा काय. आणि शिक्षेत कंपनीचे तुकडे करण्याचीही मागणी होती.

या दोन फेऱ्या निराळ्या आहेत, ही गोष्ट आमच्या गोविंदसेठच्या डोक्यात शिरली नाही. गोविंदसेठची राइस मिल. सरकारी धानाची भरडाई करण्यात त्यांचं आयुष्य गेलं. त्या धंद्यात एखादी मिल दोषी ठरली की ती त्याच दिवशी काळ्या यादीत जाते. दोष आणि शिक्षा एकाच कागदावर येतात, मध्ये चहा प्यायलाही वेळ मिळत नाही. त्यामुळे श्रावणात पहिला निकाल आला, कंपनी दोषी ठरली, आणि गोविंदसेठ चप्पल न काढता आत आले.

"भाऊ, सब निकाल दो. दोषी बोल दिया जज ने."

"काऊन?" मी विचारलं.

"अरे, फिर काऊन! ब्लॅकलिस्ट हो गई ना कंपनी!"

मी त्यांना समजावलं की अजून शिक्षा ठरायची आहे, त्याला वर्ष लागेल, मग अपील. ते माझ्याकडे कीव केल्यासारखे बघत होते. "सरकार के सामने जो दोषी हुआ, उसका गोदाम सील होताच है," असं म्हणून त्यांनी बटण दाबलं. उत्तर कंपनीबद्दल होतं, म्हणजे माझ्या नियमात बसत होतं. मला अडवता आलं नाही. पुढे भाव थोडा घसरला आणि मग सावकाश चढत राहिला. सेठ रोज येत, पडदा बघत आणि "गोदाम सील काऊन नहीं हुआ" असं मलाच विचारत.

दुसरे बिसेनभाऊ, सालेकशाचे. तेंदूपत्त्याच्या ठेक्यात मुरलेले. जंगलखात्याचा लिलाव व्हायचा आणि आदल्या दिवशी ठेकेदार एकत्र बसून कोणी जंगलाच्या कोणत्या युनिटवर बोली लावायची ते ठरवून टाकायचे, ही जुन्या काळची गोष्ट ते मिशीत हसत सांगत. मक्तेदारी हा शब्द त्यांना मला शिकवावा लागला नाही. ती कशी असते हे ते आतून पाहून आले होते.

"तोडनार नाई, भाऊ," ते म्हणत. "तोडून सरकारले का भेटते? वाटून खा म्हनन. आमालेबी शेवटी थेच म्हनलं होतं."

पुढच्या वर्षी शिक्षेचा निकाल जवळ येत गेला तसे बाकड्यावर दोन तट पडले. तुटेल म्हणणारे आणि तुटणार नाही म्हणणारे. समोरच्या हॉटेलातल्या आलूबोंड्यांच्या पैजा लागल्या. वॉशिंग्टनच्या न्यायाधीशाच्या स्वभावाबद्दल गोंदियात जेवढी चर्चा झाली तेवढी त्याच्या घरीही झाली नसेल. मीही मागे नव्हतो. कोर्टात काय चाललंय ते मी रोज वाचत होतो. न्यायाधीश पुन्हा पुन्हा त्या नव्या, माणसासारखं उत्तर देणाऱ्या यंत्रांबद्दल विचारत होते. याचा अर्थ नवा चहावाला स्टँडवर उभा राहिलाय हे त्यांना दिसत होतं. तेव्हाच माझं मत पक्कं झालं, ही कंपनी तुटत नाही. मी ते छातीठोकपणे सांगत होतो.

आणि ऐन त्याच दिवसांत वच्छला सिस्टर आल्या.

सिस्टर म्हणजे निवृत्त परिचारिका. अर्जुनी मोरगावच्या बाजूला साऱ्या खेड्यांत त्यांनी नोकरी केली, पगारातून थोडे थोडे बाजूला काढून माझ्याकडे गुंतवले. तलाव बांधणाऱ्या कोहळी समाजाची लेक. त्यांच्या पूर्वजांनी बांधलेल्या तलावावर आजही गावाचा धान पिकतो. नवरा गेल्यावर त्यांनी एकटीनं मुलीला, पल्लवीला शिकवलं. पल्लवी रक्त तपासण्याचं शिकून गोंदियातल्या एका लॅबमध्ये कामाला होती. बाईंच्या आयुष्यात एकच गोष्ट राहिली होती. अर्जुनीत पल्लवीची स्वतःची लॅब व्हावी. नोकरीत असताना त्यांनी रक्ताच्या बाटल्या थर्मासमध्ये घालून एसटीच्या कंडक्टरच्या हाती गोंदियाला पाठवल्या होत्या. रिपोर्ट परत येईपर्यंत कधी ताप गेलेला असे, कधी माणूस. सिकलसेल या रक्ताच्या आजाराची पोरं त्या भागात घरोघरी. हे सगळं त्या शांतपणे सांगत, पण सांगताना पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहत.

लॅबचे पैसे या अमेरिकन शेअरात होते.

धानाची रोवणी चालू होती. सिस्टर सकाळच्या गाडीनं आल्या होत्या, पण बाजार उघडेपर्यंत थांबायचं म्हणून दिवसभर बहिणीकडे होत्या. दिवेलागणीला आल्या, बाकड्यावर बसल्या. मी चहा मागवला. माझ्या चहात साखर पडताना पाहून त्या म्हणाल्या, "भाऊ, साखर तपासली का तुमी? मागंच सांगितलं होतं. डोळ्याखाली सूज दिसून राह्यली."

"करतो ना. एवढा निकाल लागू द्या."

"निकाल तुमच्या रक्ताचा हाय का?" असं म्हणून त्यांनी फोन काढला. "विकाचे हायेत."

"काऊन?"

"पल्लवी नागपूरले चालली."

नागपूरच्या मोठ्या इस्पितळात तिला जागा मिळत होती. पगार चांगला, राहायची सोय. राखीच्या आत होकार कळवायचा होता. अर्जुनीत लॅब उभी राहत असेल तर ती थांबायला तयार होती, नाहीतर जाणार. आणि एकदा गेलेलं माणूस नागपूरहून परत येत नाही, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

मी म्हणालो, "सिस्टर, हे कंपनीबद्दल झालं नाही."

"तं नाई झालं. कंपनीसाटी घेतले होते का मी?"

मला राग आला. माझ्या नियमावर असं कोणी बोलत नाही. मी खुर्ची पुढे ओढली आणि त्यांना सगळं समजावलं. कंपनी तुटणार नाही, निकाल कोणत्याही दिवशी येईल, आला की भाव उसळणार. आज विकलं तर लॅबचं मशीन आणि खोली होईल. थांबलात तर मशीन, खोली, वर जनरेटरही येईल. थोडा धीर धरा.

"कोनत्या दिवशी येते निकाल?"

"ते कोणालाच माहीत नाही."

"राखीच्या पैले?"

मी माझा चहा ढवळू लागलो.

बाकड्याच्या दुसऱ्या टोकाला गोविंदसेठ होते. त्यांना राहवलं नाही. "बहनजी, पूरा बेच डालो. टूटेगी वो."

सिस्टरनी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तुमी म्हनता तुटत नाई, हे म्हनतात तुटते. मी दोघाइचंबी नाई आयकत. आमच्या तऱ्याची रीत हाय. तुडूम उघडला का पानी पैले शेवटच्या बांधीले जाते. जवळच्या बांधीले मंग. जवळच्याची पैले भरली तं शेवटच्यापर्यंत पोचतच नाई." तरा म्हणजे तलाव, तुडूम म्हणजे त्याचं पाणी सोडायचं दार, आणि बांधी म्हणजे धानाचा बांधलेला तुकडा. "माझी शेवटची बांधी पल्लवी हाय. थिची भरून घेतो. मंग तऱ्यात राह्यलं थे राहो. आटो का भरो."

त्यांनी मशीन आणि खोलीपुरते शेअर मोजून विकले. बाकीचे हात न लावता ठेवले. बटण दाबण्याआधी त्यांनी फोन एकदा खाली ठेवला आणि परत उचलला. म्हणजे भीती त्यांनाही होती. भाव उद्या वाढला तर जीव हळहळणार, हे त्यांना कळत होतं आणि तरी त्यांनी दाबलं.

त्या गेल्यावर मी बराच वेळ धुसफुसत होतो. बाई घाईनं चुकल्या, असंच मला वाटत होतं.

राखी झाली. पोळा झाला. निकालाचा पत्ता नाही. पल्लवीनं नागपूरला नकार कळवून टाकला होता. अर्जुनीत बसस्टँडच्या रस्त्याला खोली मिळाली होती, भिंतींना चुना चालला होता. इकडे बाकड्यावर रोज तेच. आज येणार, उद्या येणार. बिसेनभाऊ कचारगडला देवदर्शनाला गेले तरी तिथल्या चढावरून धापा टाकत फोन करून विचारत, "लागला का?"

गणपतीत लागला. आपण झोपेत होतो तेव्हा लागला, आणि सकाळी आरतीच्या आधी माझा फोन वाजू लागला. कंपनी तुटली नाही. बांधून घ्यायचे करार बंद, आपल्याकडची काही माहिती प्रतिस्पर्ध्यांना द्यायची, बाकी कंपनी अखंड. भाव एकदम उसळला. मी जे सांगत होतो ते अक्षर न् अक्षर खरं झालं होतं. या वयात असा आनंद फार थोड्या वेळा मिळतो आणि मी तो पुरेपूर घेतला. दुकान उघडायच्या आधीच बाहेर माणसं उभी होती. बिसेनभाऊ तर नाचायचे बाकी होते. "वाटून खा म्हनलं का नाई? म्हनलं का नाई?" आलूबोंड्यांचं ताट त्यांनी जिंकलं. त्यांच्याकडे त्या कंपनीचा एक शेअरसुद्धा नव्हता. काऊन घेतला नाही विचारलं तर म्हणाले, "भाऊ, खरं सांगू? पानाचा भाव कळते मले. कागदाचा नाई."

गोविंदसेठ आलूबोंडा न खाता बसून होते. मग हळूच म्हणाले, "बहनजी ने भी जल्दी कर दी."

त्यांच्या त्या 'भी'नं मला टोचलं. मी सिस्टरना फोन लावला. मनात, खोटं कशाला बोलू, "मी सांगत होतो" हे म्हणायची खाज होतीच.

"सिस्टर, निकाल लागला. तुटली नाही. भाव वर गेला."

"किती?"

मी सांगितलं. त्यांनी तो आकडा एकदा स्वतःशी म्हणून पाहिला. मग त्या म्हणाल्या, "वाईट वाटलं जराक. जनरेटर झालं असतं." आणि लगेच, "पन राह्यले ना थोडेसे माझे?"

"राहिले ना."

"तं झालं. आता ठेवा. मशीनवाला आला हाय, पल्लवीची घाई होऊन राह्यली. पैला पेशंटबी येऊन बसला, मशीन जोडाच्या आदी."

मागून एका बाळाच्या रडण्याचा आवाज येत होता आणि पल्लवीचा, "सुई नाई टोचत रे राजा, मुंगी चावते नुसती."

फोन ठेवला आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. निकाल राखीनंतर आला होता. सिस्टरनी माझं ऐकलं असतं तर आज त्यांच्या हातात मशीन, खोली, जनरेटर, सगळ्याचे पैसे असते, आणि पल्लवी नागपुरात असती. माझा अंदाज शंभर टक्के बरोबर होता आणि त्यावर चाललं असतं तर बाईंचं सगळं गेलं असतं. इतकी वर्षं मी लोकांना विचारत आलो ते कंपनीबद्दलचं काऊन. घराबद्दलचं काऊन ऐकून मी त्यांना परत पाठवायला निघालो होतो. त्या दिवसापासून नियमात एक दुरुस्ती केली आहे. उत्तर कंपनीबद्दल हवं, किंवा घराबद्दल. साळा अजूनही चालत नाही.

एवढं लिहून थांबणार होतो, पण दिवाळी अंकाला अर्धं खरं देणं बरं नाही.

गणपती विसर्जनानंतर एका सकाळी दुकानात उठून उभा राहिलो आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. बाकडं धरून खाली बसलो. कोणाला बोललो नाही. दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी अर्जुनीच्या गाडीत बसलो. गोंदियात लॅबा कमी नाहीत, तरी तिकडेच गेलो. खोलीला नव्या चुन्याचा वास होता. सिस्टर बाहेर बाकावर पेशंटांची रांग लावत होत्या, मला पाहून त्यांनी फक्त आत बोट दाखवलं. पल्लवी हातमोजे घालून उभी होती. लहानपणी ती माझ्या दुकानात आईबरोबर येऊन बसायची, सगळं ऐकायची. तिनं सुई बाजूला ठेवली, हाताची घडी घातली आणि अगदी माझ्याच आवाजात विचारलं,

"काऊन?"

"तुझी आई म्हणाली म्हणून."

"हे चालत नाई, काका. दुसरं सांगा."

"टीव्हीवर सांगत होते, साखर..."

"तेबी चालत नाई."

माझ्या पाठीमागे रांगेतली माणसं होती. साऱ्या जिल्ह्याला उत्तरं मागणारा मी, आज माझी पाळी होती. शेवटी हळूच म्हणालो, "भ्यालो, पल्लवी. म्हणून आलो."

तिनं मान हलवली आणि माझी बाही वर केली.

"हे चालते," ती म्हणाली. "मूठ आवळा."